डिसेंबरात रिद्धपूरला जा

माझी मुलगी मेलबर्नमध्ये इतिहास शिकते. मध्ययुगीन आइसलँडच्या सागा वाचता वाचता तिला तिकडे जायचे वेध लागले आहेत. थिंगवेलिरला उभं राहून सागा वाचायची म्हणते. मला विचारलं, "बाबा, आपल्याकडे असं काही आहे?" मी ऐटीत म्हणालो, "ज्ञानेश्वरी! नेवाशाला लिहिली, १२९० साली." "तू गेलायस नेवाशाला?" गेलो नव्हतो.

तुम्ही गेलात?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपण इथे पेढे वाटले, फोटो टाकले. पण ज्या जुन्या ग्रंथांच्या बळावर तो दर्जा मागितला, त्यांतलं एक पान तरी आपल्यापैकी किती जणांच्या घरात वाचलं गेलं? मी स्वतःलाही सोडत नाही.

'लीळाचरित्र' घ्या. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसं शोधून, विचारून गोळा केल्या. आइसलँडमध्ये सागा लिहिल्या जात होत्या, त्याच शतकात. कोण कुठे बसलं, काय खाल्लं, कोण काय बोललं, सगळं साध्या गद्यात. पुढे महानुभावांनी 'स्थानपोथी'त या जागांची गावोगाव नोंद केली. त्यांतल्या कित्येक जागी आजही ओटे आहेत आणि लोक तिथे माथा टेकवतात. म्हणजे ग्रंथ आणि त्याचा नकाशा, दोन्ही आपल्याकडे आहेत. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. राज्य सरकारचं मराठी भाषा विद्यापीठही तिथेच. गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत आणलं ॲन फेल्डहाउस या अमेरिकी बाईंनी, १९८४ साली. आपण मात्र सुट्टीत पुण्याच्या मॉलमध्ये.

तुम्ही म्हणाल, "मुलांना आजची मराठी धड येत नाही, सातशे वर्षांपूर्वीची कुठून येणार?" लीळा अनेकदा चार-सहा ओळींच्या असतात, निम्म्या संवादाच्या. आरोगणा म्हणजे जेवण, पहुड म्हणजे झोप, बीढार म्हणजे मुक्काम. असे वीस-पंचवीस शब्द सांगितले की शहाणं मूल पुढे सरकतं. बीढार ऐकून त्याला बिऱ्हाड आठवलं, तर अर्धं काम झालंच. आणि ज्या गावची लीळा त्याच गावात बसून वाचली, तर तिथली नदी, देऊळ, वाट दाखवायला शब्दकोश लागत नाही.

"पुस्तक इथेही वाचता येतं," असंही म्हणाल. येतं. पण इथल्या प्रत्येक समारंभाच्या सुरुवातीला आपण या भूमीच्या मूळ रक्षकांना मान देतो. त्यांची भाषा आणि त्यांची जमीन वेगळी करता येत नाही, हे ऐकून माना डोलावतो. मग आपली भाषा तेवढी झूमवर पुरते, असं आपण कशावरून धरून चाललो?

आपली डिसेंबर-जानेवारीची सुट्टी म्हणजे विदर्भातली थंडी. नागपूरला उतरा, अमरावती गाठा, पुढे रिद्धपूर. चार दिवस द्या. मंडळांनी गणपतीच्या बजेटातून दरवर्षी दोन मुलांच्या तिकिटाचा वाटा उचलावा. ढोल एक कमी वाजला तरी चालेल.

माझी मुलगी आइसलँडला जाईलच, जावंही. पण त्याआधी, या डिसेंबरात, आम्ही दोघं रिद्धपूरला जातोय. तिला माझ्याइतकीच जुनी मराठी येते, म्हणजे जवळपास नाहीच. शेजारी बसून वाचू.

तुम्ही कधी निघताय?