थंडी चार दिवसांची, घर बारा महिन्यांचे

मराठवाड्यात थंडीचा विषय काढला की ऐकणारा हसतो. "आमच्याकडे कसली आलीय थंडी? मे महिन्यात या, मग बोलू!" असे उत्तर ठरलेले असते. उन्हाच्या नावाने आपण चार महिने आणि पाण्याच्या नावाने बारा महिने ओरडतो. थंडीच्या नावाने मात्र कोणी साधी तक्रारही करीत नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की भोकरदनच्या माळावर पारा दहा अंशांच्या आसपास घसरतो. आपल्यासारख्या मैदानी मुलखात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले, की हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. असे दिवस थोडे असतात हे खरे. म्हणूनच "चार दिवस आहेत, जातील निघून" असे म्हणून आपण अंगावर पांघरूण ओढून घेतो.

माझ्या मते येथेच आपण फसतो. थंडी चार दिवसांची असली तरी तिच्यात राहणारे घर बारा महिन्यांचे असते. जे घर जानेवारीच्या पहाटे आपल्याला कुडकुडत ठेवते, तेच घर मे महिन्याच्या दुपारी आपल्याला भाजून काढते. हे दोन रोग नाहीत, एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. त्या रोगाचे नाव आहे पत्रा.

मी स्वतः पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहतो. माझ्यासारखे खेड्यापाड्यांतून शिकायला आलेले कितीतरी मित्र अशाच खोल्यांत राहतात. या दिवसांत पहाटे अभ्यासाला उठलो की वहीवर टपकन थेंब पडतो. पाऊस नसताना हे पाणी येते कोठून? निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता मोकळ्या आभाळाकडे फेकून देतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. मग आपल्याच श्वासातील वाफ त्याच्यावर थिजते आणि आपल्याच अंगावर गळते. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे ते लोखंड. ते उष्णता अडवणार तरी कशी?

याच्या उलट आपले जुने माळवद पाहा. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर. खाली दीड-दोन हात रुंदीच्या भिंती. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दिवसाची ऊब आत पोहोचायला सुमारे दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन रात्री झोपायच्या वेळी घरात येते आणि रात्रीचा गारवा दुसऱ्या दिवशी दुपारी! आजी म्हणायची, "भिंत उन्हाला गिळते आन् रातच्याला परत देते." पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हेच अधिक अवघड भाषेत लिहिलेले आहे.

आपले गाव या बाबतीत काही आजचे नाही. केळणा नदीच्या काठचे हे भोगवर्धन सातवाहन काळी भरभराटीचे नगर होते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती मूर्तीचा एक तुकडा सापडला. इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांच्या नजरेत भरले. त्या पाँपेईत स्नानगृहांच्या जमिनीखाली पोकळी ठेवून तीत गरम हवा खेळवीत असत. ज्यांचा हिवाळा लांब, त्यांनी आग जमिनीखाली नेली. काश्मिरी माणूस निखाऱ्यांची कांगडी फेरनच्या आत धरतो. आपला हिवाळा आखूड. आपल्याला वेगळी आग लागलीच नाही. जाड भिंत, स्वयंपाकाची चूल आणि जुन्या लुगड्यांची गोधडी एवढ्यावर भागले. हे दारिद्र्य नव्हते, हिशेब होता.

मग हा हिशेब मोडला का? याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेत आहे. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडील सुमारे आठ हजार माणसे गेली. झोपेतल्या माणसांवर दगडमातीच्या भिंती आणि माळवदे कोसळली. त्या दिवसापासून मराठवाड्याच्या मनात जाड भिंतीची धास्ती बसली. ती भीती मी खोटी म्हणणार नाही. ज्यांचे घरच्या घर गाडले गेले त्यांना मातीचे गुण सांगणे ही क्रूर थट्टा होईल. परंतु तज्ज्ञांनी त्या भिंती तपासून काय सांगितले तेही ऐकले पाहिजे. दगड गोलसर, ते चिखलात नुसते रचलेले, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आडवे दगड नाहीत आणि गळती थांबावी म्हणून दरवर्षी छतावर मातीवर माती चढवलेली. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत छतावरची माती कमी करणे आणि भिंतीत आरपार दगड बसवणे हे उपाय सांगितले गेले ते याचसाठी. आपण मात्र बांधणीचा दोष सुधारण्याऐवजी जाडीच टाकून दिली.

कोणी म्हणेल, घर गरम करायला विजेची शेगडी आहे की! दोन हजार वॉटची शेगडी तासाला दोन युनिट वीज खाते, आणि पत्र्याच्या खोलीत ती ऊब फटीफटींतून बाहेर जाते. रांजणाला भोक असताना पाणी ओतत बसण्यासारखेच हे. दुसरा उपाय कोळशाच्या शेगडीचा. येथे मला कळकळीने सांगावेसे वाटते, की दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. दर हिवाळ्यात देशात असे बळी जातात.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत" ही म्हण आपल्याला पाठ आहे. पण ज्याचे अंथरूणच तोकडे त्याने पाय पोटाशी घेऊन किती रात्री काढाव्यात? ऊसतोडीला गेलेली मराठवाड्यातील कुटुंबे दिवाळीनंतरचा सगळा हिवाळा पाचटाच्या कोपीत तान्ह्या पोरांसह काढतात. गावी मागे राहतात ती म्हातारी माणसे. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तेरा देशांतील सात कोटींहून अधिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारत नव्हता, पण थायलंड आणि ब्राझीलसारखे उष्ण देश होते. उष्णतेपेक्षा थंडीशी जोडलेले मृत्यू कितीतरी अधिक निघाले, आणि त्यांतील बहुतेक कडाक्याच्या नव्हे तर बेताच्या थंडीचे! 'आमच्याकडे कसली थंडी' म्हणणाऱ्यांनी विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

मग करावे काय? सर्वांनी माळवदाकडे परत फिरावे असे मी म्हणत नाही. तेवढे लाकूड आता कोणाला परवडणार? पण पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूचे तट्टे किंवा पोत्यांचे छत ताणता येते. मधली कोंडलेली हवाच पांघरुणाचे काम करते. मात्र ते चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर हवे. भिंत आणि पत्रा यांमधल्या फटी बुजवता येतात. हवेसाठी एक झरोका मात्र राखावा. विटांचे बांधकाम असेल तर लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली पोकळ भिंत बांधता येते. तिला विटाही कमी लागतात. आणि दक्षिणेला एक खिडकी असावी. आपल्याकडे डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे निम्म्या आभाळापर्यंतच चढतो, जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून वर बेताची पडवी असलेल्या दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्याचे ऊन आत येते आणि उन्हाळ्याचे बाहेर राहते. ही शेगडी फुकट आहे.

२०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला, तेव्हा घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले. लांबी-रुंदी मोजली गेली, हे चांगलेच झाले. आता छताखालची ऊबही मोजावी अशी माझी मागणी आहे. सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आपल्या हाती राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आहे आणि ते बहुधा हिवाळ्यातच भरते. मित्रहो, दरवर्षी आपण रस्ते झाडतो, खड्डे खणतो. यंदा शिबिराच्या गावातील पाच म्हाताऱ्या माणसांची घरे निवडू या आणि त्यांच्या पत्र्याखाली छत बांधून देऊ या. जानेवारीत बांधलेले ते छत मे महिन्यातही त्यांच्या कामी येईल. प्राध्यापकांनी संमती द्यावी. तट्टे आणि सुतळी आम्ही जमवू.