फौज कुठे, वाट कुठे

या आठवड्यात डोंबिवली फास्टमध्ये दोन पोरं ‘ट्रॅव्हियन’ या ऑनलाइन युद्धखेळावरून हमरीतुमरीवर आली होती. मुख्य फौज राजधानीत उभारायची की शत्रूजवळच्या गावात? ठाणं आलं तरी तह झाला नव्हता. माझं मत विचाराल तर राजधानीतच. तिथली शेतं दहाव्या पातळीच्या पुढे वाढतात, आणि मोठ्या फौजेला तासातासाला धान्य लागतं. ते संपलं की शिपाई उपासमारीनं मरतात, मग गाव शत्रूच्या कितीही जवळ असो. मोठी बराक राजधानीत बांधता येत नाही, एवढी उणीव मी खुशाल सोसेन. पण त्याआधी बाहेर पडायची वाट कुणाच्या ताब्यात आहे ते बघायलाच हवं, आणि कल्याणकरांना तर ते ठाऊकच असायला हवं! १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात केली. लाकूड जवळ, खाडी खूप आतवर आलेली, डोक्यावर दुर्गाडी किल्ला. बांधणीला याहून चांगली जागा कुठली? फक्त समुद्र गाठायचा तर वाटेत ठाणे आणि वसई, दोन्ही पोर्तुगीजांची. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तो थेट मालवणच्या समुद्रात. वसई मराठ्यांच्या हाती यायला १७३९ उजाडलं.