रांगोळीचा तास

पाहुणे येणार म्हटले की आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलींना उठवून अंगणात रांगोळीला बसवतात. मुलगे वर्गात इंटरमीजिएटचा सराव करतात. त्या शासकीय परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात. रांगोळीला फक्त "वा, छान!" (चहाही मुलीच देतात.)

चिमटीतून सुटणारी सरळ रेघ, ठिपक्यांचा हिशोब, रंगसंगती, हे संकल्पचित्र नाही तर काय? मुख्याध्यापक म्हणतात, "बाई, मुलींच्या हाताला वळण हवं." वळण आहेच. गुण कुठे आहेत? आणि मुलग्यांच्या बोटांना पांढरी पूड लागली तर काय बिघडते?

पुढच्या वेळी मी एकाही मुलीला तासावरून उठू देणार नाही. मैत्रिणींनो, तुमच्या शाळेतही एकदा डोकावून या.