पत्र्याची आगगाडी काचेआड नव्हे, रुळांवर हवी

#धागा

१/ तेरणेच्या काठी तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचलेल्या प्राचीन मृण्मूर्ती आज शासकीय संग्रहालयात मानाने विराजमान आहेत. वीतभर मातीच्या त्या आकृत्यांना कोणी पोरखेळ म्हणत नाही. हीच तेरणा पुढे माकणीच्या धरणात विसावते. मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या पत्र्याच्या आगगाडीचे नाव काढताच इतिहासप्रेमीही हसतात. माती पुरावा आणि पत्रा करमणूक, हा कोणता न्याय?

२/ आधी वस्तू समजून घ्यावी. पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा, म्हणजे आपल्या पितळी भांड्यांच्या कल्हईचाच भाऊबंद. सपाट पत्र्यावर आधी रंगीत छपाई होई. मग साच्यात कापून, वाकवून, एका भागाच्या जिभा दुसऱ्याच्या खाचांत अडकवून डबा उभा राही. आत किल्लीची कमान आणि दंतचक्रे. छापखाना, पत्राकाम आणि घड्याळजीचे कौशल्य, तिन्ही एका हातभर गाडीत.

३/ १८९१ मध्ये जर्मनीतील ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक रूळमापांची खेळण्यातील रेल्वे मांडली. १९२० मध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने ३२ मिमी रुळांवरची, किल्लीची गाडी बाजारात आणली. आज इंजिन, पुढच्या वर्षी डबा, त्यानंतर स्थानक: प्रमाणीकरणामुळे एका खेळण्याचे आयुष्यभर वाढणारे जाळे झाले. औद्योगिक युगाचा याहून सोपा धडा कोणता?

४/ हा छंद केवळ गोऱ्यांचा, हा आक्षेपही टिकत नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या मेजावर पाहुण्यांना मद्य आणि सिगार पोहोचवणारी चांदीची आगगाडी आजही दिसते. पण ती राजाची होती, म्हणून ती वारसा ठरली. सामान्य घरातील पत्र्याची गाडी मात्र भंगार!

५/ हिणवणाऱ्यांपेक्षा मोठे नुकसान करणारे दुसरेच आहेत: मूळ खोक्यासह गाडी विकत घेऊन ती कधीही न चालवणारे संग्राहक. त्यांच्या लेखी गाडीची किंमत खोक्याच्या कोपऱ्यांवर ठरते. यंत्राला त्यांनी चित्र करून टाकले आहे.

६/ यंत्राचा इतिहास त्याच्या गतीत असतो. विजेच्या अनेक जुन्या गाड्यांना मध्ये तिसरा रूळ का? धातूची चाके आणि आस दोन्ही बाहेरचे रूळ विजेने जोडतात. म्हणून प्रवाह मधल्या रुळातून घ्यावा लागतो. किल्लीची गाडी सुरुवातीलाच वेगाने वळणावर का उलटते? कमानीचा जोर तेव्हा सर्वाधिक असतो. काचेआडची गाडी यांतले काहीही सांगत नाही.

७/ प्रतिपक्षाचे म्हणणे पोकळ नाही. प्रत्येक फेरीने झीज होते आणि मूळ छपाई एकदा खरवडली की परत येत नाही. म्हणून विरळा नमुना विसावू द्यावा, पण जे नमुने अनेक उरले आहेत ते जपून चालवावेत. जुने वंगण घट्ट होऊन यंत्र आवळते, दमट हवेत पत्रा गंजतो. अशुद्ध जस्तमिश्रधातूची चाके तर बंद खोक्यातही भेगाळून भुगा होतात. न हाताळणे म्हणजे जपणे नव्हे.

८/ मोठ्या रेल्वेचा दाखला घ्या. लीड्सच्या किटसन कारखान्यात १८५५ मध्ये बनलेले 'फेअरी क्वीन' इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झाले आणि १९९७ मध्ये पुन्हा धावले. ते धावावे म्हणून माणसांना बाष्पक, दाब आणि झडपा नव्याने शिकाव्या लागल्या. चबुतऱ्यावर रंग फासून उभ्या केलेल्या इंजिनासाठी केवळ रंगारी पुरतो.

९/ त्याच किटसनने बार्शी लाइट रेल्वेची पहिली इंजिने घडवली. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची ही ७६२ मिमी रुंदीची रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. प्रत्येक आसावर पाचच टन भार, साच्यात दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी: हलक्या रुळांवर भरपूर माल नेण्याची ही युक्ती जगाने अभ्यासली. २००८ पर्यंत लातूर–कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला. ते होणे आवश्यकच होते. परंतु धाराशिव जिल्ह्यातील किती मुलांना आज ती गाडी कशी धावे हे दाखवता येईल?

१०/ मार्ग आहे. पुण्यात कोथरूडला १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात गाड्या धावताना दिसतात. म्हणून तिथे मुले थबकतात, प्रश्न विचारतात.

११/ आणि हिशेब पाहा. १६.५ मिमीचा, बाजारात सहज मिळणारा मॉडेल-रूळ घेतला, तर सुमारे १:४६ प्रमाणात तो बार्शी लाइटचाच रूळ होतो. पत्रा, कात्री आणि डाग देणारा कारागीर बार्शी, लातूर, धाराशिवला आहेच. माकणीच्या शाळेतील एका टेबलावरही ही रेल्वे पुन्हा धावू शकते.

१२/ तेरच्या मातीला जपणाऱ्या या मुलुखाने पत्र्याला तुच्छ लेखू नये. घरातल्या माळ्यावर जुनी गाडी सापडली, तर तिला नवा रंग देऊ नका, भंगारात घालू नका. धूळ झटका, वंगणाचा एक थेंब द्या, किल्ली अर्धीच फिरवा आणि तिला धावू द्या.