विश्लेषण : ट्रकवर दोन चालक असले, तर गाडी किती तास चालवावी?

लांब पल्ल्याच्या ट्रकवर दोन चालक असले की गाडी थांबवायची गरज नाही, एक चालवेल आणि दुसरा झोपेल, असे वाहतूक व्यवसायात सर्रास धरले जाते. अमेरिका आणि युरोपने या जोडीच्या विश्रांतीचे वेगळे नियम केले आहेत. आपल्याकडे मात्र मोजमाप गाडीचे होते, माणसाचे नाही.

हिशेब नेमका काय?

न्हावाशेवा बंदरातून दिल्लीला जाणारा कंटेनर सुमारे १४०० किलोमीटर कापतो. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर चाके ३५ तास फिरायला हवीत. एका चालकाने रोज आठ तास गाडी चालवली, तर तो पाचव्या दिवशी पोहोचेल. दोघांनी मिळून रोज १६ तास चालवली, तर तिसऱ्या दिवशी. माल त्याआधी हवा असेल, तर तो वेळ कोणाच्या तरी झोपेतून काढावा लागतो.

भारतातील कायदा काय सांगतो?

मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ती दहा आणि ५४ तासांपर्यंत वाढवता येते, त्यापुढे नाही. सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुटी, असेही हा कायदा सांगतो. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९१ ने हेच तास वाहतूक वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लागू केले. म्हणजे एकाच गाडीचा मालकही सुटत नाही. जुना कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. तिथेही मूळ मर्यादा आठ तासांचीच आहे.

दोन चालकांची अट होती ना?

होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर किमान दोन चालक हवेत आणि दुसऱ्याला आडवे होता येईल अशी आसनाची सोय हवी, असे म्हटले होते. २०१८ मध्ये केंद्राने ही अट शिथिल केली. तशीही ती अनेकदा कागदावरच असे. दुसरा चालक म्हणून क्लीनर बसलेला असे आणि मध्यरात्री त्याच्याच हाती स्टीअरिंग जाई.

अमेरिका आणि युरोपात काय होते?

अमेरिकेत चालकाला सलग दहा तास विश्रांतीनंतर ११ तास गाडी चालवता येते आणि हे ११ तास कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत संपवावे लागतात. जोडीतल्या चालकाला ही दहा तासांची विश्रांती चालत्या ट्रकमध्येही घेता येते : किमान सात तास झोपण्याच्या बर्थवर आणि उरलेले, तीन तासांपर्यंत, शेजारच्या आसनावर. त्यामुळे ट्रक जवळजवळ न थांबता धावू शकतो. मात्र प्रत्येक चालकाचे तास इलेक्ट्रॉनिक यंत्रावर वेगवेगळे नोंदले जातात. २०१७ च्या डिसेंबरपासून ते बहुतेकांना सक्तीचे आहे.

युरोपीय संघ याच्या उलट विचार करतो. तिथे रोज नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा तास आणि दोन आठवड्यांत मिळून ९० तास गाडी चालवता येते. जोडी असेल तर ३० तासांच्या आत प्रत्येकाला किमान नऊ तास विश्रांती द्यावी लागते आणि त्या वेळी ट्रक उभा असावा लागतो. छोटी ४५ मिनिटांची विश्रांती चालत्या गाडीत चालते. रात्रीची झोप चालत नाही.

एवढा आग्रह कशासाठी?

सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे संशोधन सांगते. आपल्याकडे चालकासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे चारपासून जागा असलेला चालक रात्री नऊ वाजता मद्याच्या मर्यादेपलीकडचाच धोका घेऊन गाडी चालवत असतो. फरक इतकाच, की नाक्यावर त्याची झोप मोजणारे यंत्र नाही.

घाई मग कोणाची?

सरकारी कागदाची तर नाही. ई-वे बिलाची मुदत साधारण मालासाठी २०० किलोमीटरला एक दिवस आहे. म्हणजे न्हावाशेवा ते दिल्लीसाठी सात दिवस. घाई असते माल पाठवणाऱ्याची आणि मागवणाऱ्याची, म्हणजे 'परवा पोहोचेल' पाहून बटण दाबणाऱ्या आपलीही. गोदामाच्या दारात रांगेत काढलेले तास मात्र कोणीच मोजत नाही. ते चालकाने पुढच्या रस्त्यावर भरून काढायचे असतात.

काय करायला हवे?

वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी २०२१ मध्ये म्हणाले होते. तास कायद्यात आधीच आहेत; त्यांची मोजणी नाही. फास्टॅगमुळे गाडी कोणत्या नाक्यावर किती वाजता होती ते कळते, पण तेव्हा ती कोण चालवत होते ते कळत नाही. म्हणून पहिली गरज प्रत्येक चालकाच्या स्वतंत्र नोंदीची आहे. दुसरी, जोडीसाठी स्पष्ट नियमाची. अमेरिकी पद्धत मालाला सोयीची असली, तरी आपल्या खड्ड्यांच्या आणि गतिरोधकांच्या रस्त्यांवर हलत्या केबिनमधली झोप विश्रांती मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. युरोपचा उभ्या गाडीचा नियमच आपल्याला योग्य. त्यासाठी महामार्गांवर सुरक्षित वाहनतळ लागतील. तिसरी गोष्ट, अशक्य वेळ देणाऱ्या माल पाठवणाऱ्यावरही जबाबदारी यावी. आज अपघात झाला की गुन्हा चालकावर दाखल होतो. त्याची झोप ज्याने वेळापत्रकातून कापली, त्याचे नाव कागदावर कुठेच येत नाही.