हुद्दा मॅनेजरचा, वेठ मजुराची

दुकानाचे शटर उघडायचे, माल लावायचा, गल्ला सांभाळायचा, आठवड्याला साठ तास राबायचे. आणि जादा कामाचा एक डॉलरही मागायचा नाही, कारण हुद्दा ‘असिस्टंट मॅनेजर’! अमेरिकेतील लक्षावधी पगारदार असे फुकट राबतात. भांडवलशाहीच्या या माहेरघरात चाललेला वाद आपल्या कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहिला पाहिजे.

तेथे कायदा नाही असे नव्हे. १९३८ च्या कायद्याने जादा तासांना दीडपट मजुरी दिली. १९४० पासून मर्यादा आठवड्याला ४० तासांची आहे. सूट होती ती खऱ्या व्यवस्थापकांना आणि व्यावसायिकांना. हुद्द्याचे सोंग ओळखण्यासाठी पगाराचीही कसोटी ठेवली गेली: ठरलेल्या रकमेहून पगार कमी असेल, तर नावापुढे काहीही लिहा, जादा मोबदला द्यावाच लागेल.

मालकवर्गाने ही कसोटी रद्द केली नाही. नुसती गोठू दिली. आजच्या कसोटीशी तुलना होईल अशी मर्यादा १९७५ साली आठवड्याला २५० डॉलर होती. ती २००४ पर्यंत हलली नाही. या काळात तेथील किमती सुमारे साडेतीनपट झाल्या. म्हणजे मर्यादा ८७५ डॉलरच्या आसपास हवी होती. ठरवली ४५५! कायद्याचे अक्षरही न बदलता महागाईने कायदा पोखरला.

२०१६ साली ओबामा सरकारने ती ९१३ डॉलर करू पाहिली; टेक्सासमधील संघीय न्यायालयाने अंमलापूर्वीच रोखली. २०२४ साली बायडेन सरकारने ती टप्प्याटप्प्याने १,१२८ डॉलरवर नेण्याचा नियम केला. टेक्सासमध्येच तोही रद्द झाला आणि २०१९ ची ६८४ डॉलरची मर्यादा परत आली. न्यायालयाचे म्हणणे असे की, कायदा कामाचे स्वरूप पाहतो. त्याची जागा पगाराला देण्याचा अधिकार श्रमखात्याला नाही. तर मग मर्यादा कायद्यातच लिहिली पाहिजे. २०२३ चे विधेयक नेमके हेच मागत होते: पूर्णवेळ पगारदारांपैकी ५५ टक्के ज्या पगाराच्या खाली येतात, त्या पगाराशी मर्यादा कायमची जोडा. ते कायदा होऊ शकले नाही.

विरोधक म्हणतात, यामुळे रोजगार घटेल. हिशेब उलटा आहे. दोघांनी साठ-साठ तास करायचे काम तिघे चाळीस-चाळीस तासांत करतात. जादा तास फुकट मिळत असतील, तर मालक तिसरा माणूस कशाला ठेवील? जादा मोबदला ही बक्षिसी नव्हे. बेकाराला कामावर घेण्यास भाग पाडणारा तो दंड आहे.

आता घरचे पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता जादा कामाला दुप्पट दर देते; पण केवळ ‘कामगारा’ला. दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक त्या व्याख्येबाहेर आहे. ही रक्कम सरकार अधिसूचनेने बदलू शकते. महागाईबरोबर ती आपोआप वाढत नाही. मुख्यतः व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा तर कितीही तुटपुंज्या पगारावर बाहेरच! म्हणजे अमेरिकेत निदान गोठलेली कसोटी आहे. येथे मॅनेजरसाठी तीही नाही.

म्हणून मागण्या दोन. पर्यवेक्षकाची मर्यादा ग्राहक मूल्य निर्देशांकाशी बांधा आणि तिच्याखालील ‘मॅनेजर’लाही कामगार माना. मॉल, बँका, संगणक कंपन्या यांतील पांढरपेशा तरुण स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास संकोचतो. त्या संकोचावरच मालकाचा नफा उभा आहे. तो मोडणे हे संघटनेचे काम आहे. ते कोणतेही सरकार आपल्यासाठी करणार नाही.