वखराचा घसारा धरता, मातीचा का धरत नाही?



कापसाचा हमीभाव सुचवताना सरकारचा कृषिमूल्य आयोग बियाण्याचा खर्च धरतो, खताचा धरतो, मजुरी धरतो. अवजारं झिजतात म्हणून त्यांचा घसाराही धरतो. पण दर हंगामात झिजणारी सगळ्यात मोठी वस्तू कुठल्याच रकान्यात येत नाही. ती म्हणजे तुमची जमीन. वखराची पास झिजली तर तो खर्च, आणि माती झिजली तर निसर्गाची मर्जी! हा कुठला न्याय?

कृषी महाविद्यालयात आम्हाला अन्नद्रव्यांचं चक्र फळ्यावर काढून शिकवलं. पीक मातीतून नत्र, स्फुरद, पालाश घेतं. पानं गळतात, जनावर चरतं, शेण पडतं, जिवाणू ते कुजवतात, आणि अन्नद्रव्य पुन्हा मुळाशी येतं. जंगलात हे खरं आहे, म्हणून तिथे कुणी खताची गोणी नेत नाही. शेताच्या चित्रात मात्र एक बाण काढायचा राहून जातो. तो बाजार समितीकडे जातो आणि परत येत नाही.

हा बाण काय नेतो ते मोजू. क्विंटलभर कापसात साधारण एक तृतीयांश रुई, बाकी सरकी. रुई म्हणजे हवेतला कर्ब आणि पावसाचं पाणी. तिने मातीतलं फारसं काही नेलेलं नसतं. मातीचं धन असतं सरकीत. एकरी पाच क्विंटल कापूस विकला की ढोबळमानाने दहा-अकरा किलो नत्र आणि चार-पाच किलो स्फुरद गावाबाहेर जातं. सरकीची ढेप कुठल्यातरी बागायती गोठ्यात आणि तिचं शेण तिथल्या उसात. तुम्ही विकलेली ज्वारी शहर खातं आणि गटारातून नदीत सोडतं. जर्मन शास्त्रज्ञ लीबिगने एकोणिसाव्या शतकातच अशा शेतीला लुटीची शेती म्हटलं होतं. पैशाची लूट आपण ओळखली. ही लूट अजून ओळखली नाही, कारण तिची पावती फाडली जात नाही.

यावर दोन प्रकारचे शहाणे उभे राहतात.

पहिला खतवाला. तो म्हणतो, पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीत जवळजवळ एकवीस किलो नत्र आहे, अर्धी गोणी टाका, हिशेब चुकता. असं असतं तर बरंच होतं. आपल्या काळ्या जमिनीत चुना भरपूर. वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन बराचसा उडून जातो, स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, आणि जस्त, गंधक तर युरियात नाहीच. बरं, ही नुसत्या युरियाची सवय लावली कुणी? २५ ऑगस्ट १९९२ ला सरकारने स्फुरद आणि पालाशाची खतं नियंत्रणातून सोडली आणि युरिया तेवढा धरून ठेवला. भावातली दरी तिथून वाढली. मग २०१५ साली मृद आरोग्य पत्रिका आणून आपल्यालाच उपदेश: संतुलित खतं वापरा! भाव एक सांगतो, पत्रिका दुसरं सांगते. शेतकरी खिसा बघूनच खत घेणार, पत्रिका बघून नाही.

दुसरा शहाणा शहरातून येतो. जमिनीत सगळं आहे म्हणतो, बाहेरचं काही लागत नाही, एक गाय पाळा. यात अर्धं खरं आहे. तूर, मूग, उडीद मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतलं नत्र मिळवतात. पण स्फुरद हवेत नाही, जस्त हवेत नाही. गाडीत भरून गेलेलं स्फुरद श्रद्धेने परत येत नाही. आणि ती गाय खाणार काय? कडबा. कडबा कुठून येणार? ज्वारीतून. ज्वारीच्या पिकाने घेतलेलं बहुतेक पालाश कडब्यात राहतं. तो बैलाने खाल्ला की शेणामुतातून रानात परत. कोरडवाहू शेतीतलं हे आपलं चक्र होतं. ते मोडलं कुणी? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो झाला आणि २०२३ पासून तो फुकट झाला. त्याच २०२३ मध्ये भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष वाजतगाजत साजरं झालं! ज्वारी गेली, तिच्यामागे कडबा गेला, बैल गेला, उकिरडा गेला. हे आळसाने झालं नाही, भावाने झालं.

आता घरचा हिशेब. एकरी टनभर पऱ्हाट्या निघाल्या तर त्यांत आठ-दहा किलो नत्र असतं. काडी लावली की ते सगळं धुरात जातं, गंधकही बरंचसं जातं. म्हणजे व्यापारी सरकीतून नेतो जवळपास तितकंच नत्र आपण बांधावर जाळतो. मजुरी परवडत नाही आणि बोंडअळीची भीती आहे, हे मान्य. कच्ची पऱ्हाटी तशीच गाडली तर ती कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र खातात आणि पुढचं पीक पिवळं पडतं, हेही खरं. पण उपाय जुना आहे. १९२४ ते १९३१ या काळात हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संस्थेत कंपोस्टची पद्धत बसवली. त्या संस्थेला पैसा मिळत होता तो कापसावरच्या उपकरातून, म्हणजे कापूसवाल्याच्याच मालातून. पऱ्हाट्या रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चिरडायच्या, गोठ्यात मूत पिऊ द्यायच्या, शेणकाला घालून खड्ड्यात कुजवायच्या. तीन महिन्यांत खत. पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांचं टाकंही याच कुळातलं. आज चाकांऐवजी गावात एक कुट्टी यंत्र फिरलं तरी पुरे, आणि कुट्टीत अळीही चिरडते.

जिल्हा बैठकीत तीन ठराव हवेत. एक, उत्पादन खर्चात मातीचा घसारा धरा. मालातून जितकं अन्नद्रव्य जातं ते परत भरण्याचा खर्च हमीभावात आला पाहिजे. दोन, खताचं अनुदान कारखान्याच्या दारात न देता एकरी शेतकऱ्याला द्या. युरिया घ्यायचा, स्फुरद घ्यायचं की कंपोस्ट करायचं, ते तो ठरवेल. तीन, ज्वारी हमीभावाने खरेदी करा आणि रेशनच्या दुकानात ठेवा.

आणि चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही. यंदा निदान एका एकराची पऱ्हाटी कुणी जाळू नये. लुटणाऱ्याला जाब विचारायचा तर आपल्या हातात काडेपेटी नसावी.